तलवारीचा फाळ करण्याआधी : अनुशीतनाची ओळख

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, तीन वर्षांतून एकदा, मिस्सामध्ये यशया संदेष्ट्याच्या दुसऱ्या अध्यायातलं वाचन येतं. राष्ट्रं आपल्या तलवारी ठोकून त्यांचे नांगराचे फाळ करतील, भाल्यांचे कोयते करतील, असा त्याचा आशय. ही प्रतिमा इतकी प्रसिद्ध आहे की न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या बागेत तिच्यावर बेतलेला पुतळाच उभा आहे. येवगेनी वुचेतिच या शिल्पकाराचा तो पुतळा सोव्हिएत संघाने १९५९ साली भेट दिला. एक दणकट माणूस हातोडा उगारून तलवार वाकवतो आहे, असं ते शिल्प.

साहित्याच्या वर्गात आपण अशा प्रतिमेचा अर्थ शोधतो. मला मात्र त्या पुतळ्याचा फोटो बघून लोहाराला पडेल तसा प्रश्न पडला. तलवार म्हणजे चांगली पाणी पाजलेली, कडक वस्तू. ती हातोड्याखाली वाकेल की तुटेल?

शंका रास्त आहे. थंड, कडक पातं तसंच ठोकलं तर ते बहुधा तडकेल. वाकवण्याआधी त्याचा कडकपणा काढून टाकावा लागतो. धातू ठरावीक तापमानापर्यंत तापवायचा, थोडा वेळ तसाच ठेवायचा आणि मग त्या धातूच्या स्वभावाप्रमाणे थंड करायचा. इंग्रजीत याला ॲनीलिंग म्हणतात आणि मराठीतल्या शास्त्रीय लेखनात अनुशीतन.

या दोन शब्दांपाशी मी जरा थांबले. ॲनीलिंग हा शब्द ज्या जुन्या इंग्रजी क्रियापदावरून आला त्याचा अर्थ ‘पेटवणे, आग लावणे’. अनुशीतन म्हणजे ‘नंतरचं थंड होणं’. इंग्रजी शब्दाची नजर आगीवर आहे, मराठी शब्दाची थंडाव्यावर. क्रिया एकच, पण नाव देताना दोघांनी दोन टोकं पकडली. पुढे आपण बघू की तांब्याच्या बाबतीत इंग्रजी शब्द जास्त खरा ठरतो आणि पोलादाच्या बाबतीत मराठी.

एक तार घेऊन बघा

हे वाचून समजण्यापेक्षा हाताला लवकर समजतं. जामबागजवळच्या ट्रूप बाजारात विजेच्या सामानाची दुकानं आहेत. तिथून जाड, एकेरी तांब्याची तार वीतभर घ्या. वरचं प्लास्टिक पूर्ण सोलून काढा, कारण ते जळलं की घातक धूर होतो. तार नवी असताना बोटांनी सहज वाकते. आता ती एकाच जागी इकडून तिकडे चार-पाच वेळा वाकवा. प्रत्येक वेळी जोर जास्त लागतो. तुम्ही वाकवलेली जागा आता ताठ झालेली असते आणि तार वाकताना शेजारची मऊ जागा शोधते. तसंच वाकवत राहिलात तर ती तुटते.

तुटायच्या आधी थांबा. पकडीत धरून ती जागा गॅसच्या आचेवर मंद लाल होईपर्यंत तापवा. मग पाण्यात बुडवा किंवा तशीच निवू द्या. पुन्हा वाकवून बघा. तार दोऱ्यासारखी मऊ झालेली असेल. घरातल्या मोठ्यांना सांगून, खिडकी उघडी ठेवून आणि पकड न सोडता हे करायचं, एवढी काळजी पुरे.

आवाजातही फरक कळतो. ठोकून कडक झालेली तांब्याची पट्टी फरशीवर टाकली तर ती खणखणते. तापवून मऊ केलेली पट्टी टाकली तर मंद, मेलेला आवाज येतो. भांडी घडवणाऱ्याला हात आणि कान दोन्ही साक्ष देतात.

आत काय होतं?

धातूमधले अणू रांगेत, थरांनी बसलेले असतात. धातू वाकतो तेव्हा हे थर एकमेकांवरून सरकतात. पण अख्खा थर एकदम सरकत नाही. मोठी सतरंजी फरशीवरून ओढायची असेल तर आपण काय करतो? एका टोकाला सुरकुती पाडतो आणि ती सुरकुती पुढे ढकलत नेतो. सतरंजी थोडीशी सरकते आणि जोरही कमी लागतो. अणूंच्या थरांमध्येही अशाच सुरकुत्या असतात. शास्त्रज्ञ त्यांना डिसलोकेशन म्हणतात. १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी वेगवेगळे काम करून ही कल्पना मांडली.

सुरकुती सरकते तोवर धातू मऊ वाटतो. पण आपण ठोकतो, वाकवतो तसतशा नव्या सुरकुत्या तयार होतात. मऊ धातूच्या एका चौरस सेंटिमीटरमध्ये त्या साधारण दहा लाख ते दहा कोटी असतात. भरपूर ठोकलेल्या धातूत हाच आकडा दहा हजार कोटी ते एक लाख कोटींपर्यंत जातो. एवढी गर्दी झाली की सुरकुत्या एकमेकींत अडकतात. मोअज्जम जाही मार्केटच्या चौकात संध्याकाळी सगळ्या बाजूंनी गाड्या घुसल्यावर जसं होतं, तसं. कुणालाच पुढे जाता येत नाही. धातू कडक होतो तो असा. त्यावर अजून जोर लावला तर सरकायला जागाच उरलेली नसते, म्हणून तो फाटतो.

आग ही गर्दी मोकळी करते. तापल्यावर अणूंना हलायला बळ मिळतं. आधी काही सुरकुत्या आपापसात मिटतात. मग जुन्या, विस्कटलेल्या कणांच्या जागी नवे, स्वच्छ कण उगवतात. खरी मऊपणाची पायरी हीच. त्यानंतरही तापवत राहिलं तर कण वाढत जाऊन फार मोठे होतात. ते बरं नाही. असा पत्रा वाकवला की त्याचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत दिसतो. म्हणजे कमी तापवलं तर काम होत नाही आणि जास्त तापवलं तर बिघडतं.

नवे कण उगवायला लागणारं तापमान धातूच्या वितळण्याच्या तापमानावर ठरतं. केल्व्हिनमध्ये मोजलं तर ते वितळबिंदूच्या साधारण तीन ते पाच दशांश असतं. तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे त्याला आगीची गरज लागते. शिसं ३२७ अंशांना वितळतं. त्याचा हिशोब केला तर खोलीचं साधं तापमानच त्याला पुरेसं ठरतं. म्हणूनच शिशाची पट्टी कितीही वाकवा, ती तांब्यासारखी कडक होत नाही. ती वाकता वाकताच स्वतःला मऊ करत असते.

तांबट आळीतला ताव

हे शास्त्र १९३४ नंतरचं, पण कला फार जुनी. मराठी माणसाला तिचं सगळ्यात जवळचं ठिकाण म्हणजे पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी. पेशव्यांच्या काळात कोकणातून आलेले तांबट कारागीर तिथे वसले. हंडे, कळशा, घंगाळी, पाणी तापवायचे बंब ही त्यांची ओळख.

सपाट पत्र्याच्या चकतीतून खोलगट भांडं काढायचं म्हणजे धातूला हजारो ठोके द्यायचे. प्रत्येक ठोक्यागणिक पत्रा ताठ होत जातो. एका टप्प्यानंतर हातोडी उसळायला लागते, आवाज बदलतो. तसंच रेटलं तर कडेला चीर जाते. म्हणून कारागीर थांबतो, भांडं भट्टीत लाल करतो, निववतो आणि पुन्हा ठोकायला बसतो. भांडं जितकं खोल, तितक्या वेळा ही फेरी. लोखंड असो वा तांबं, तापवण्याला आपल्याकडे ‘ताव देणे’ म्हणतात. ‘तावून सुलाखून निघणे’ हा वाक्प्रचार त्याच घरातला. मात्र त्यातला ताव सोन्याची परीक्षा घेण्यासाठी असतो. भांड्याला दिलेला ताव परीक्षा घेत नाही, तो पुढच्या ठोक्यासाठी जागा करून देतो.

शेवटची पायरी महत्त्वाची आहे. आकार पूर्ण झाल्यावर तांबट भांडं मठारतो. म्हणजे सगळ्या अंगावर एकसारखे, ओळीने हलके ठोके देतो. ते ठिपके दिसायला सुंदर असतात, उजेडात चमकतात. पण ते नुसते नक्षीसाठी नसतात. तावामुळे मऊ पडलेलं भांडं त्या ठोक्यांनी पुन्हा ताठ होतं. मठारलं नाही तर भरलेली कळशी उचलताना तिला पोचे पडतील. म्हणजे मऊपणा ही मधली अवस्था आहे. त्यात आकार द्यायचा आणि मग ताठपणा परत आणायचा.

इथे एक गोंधळ टाळू. आपल्या जामबागहून चालत जाता येईल अशा अंतरावर गनफाउंड्री आहे. निजामाच्या पदरी असलेल्या रेमंड या फ्रेंच सेनानीने अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे तोफांचा कारखाना उभारला. लोक त्याला ‘तोप का सांचा’ म्हणतात. तिथलं काम ओतकामाचं होतं. धातू वितळवून साच्यात ओतला की आकार एकदम मिळतो, वाकवायचा प्रश्नच नसतो. त्याच भागातल्या सेंट जोसेफ कॅथेड्रलमध्ये किंवा कुठल्याही चर्चमध्ये घंटा वाजते ती याच जातीची, ओतलेल्या काशाची. घंटेत कथलाचं प्रमाण जास्त असतं, म्हणून ती खणखणीत वाजते आणि म्हणूनच ती ठोकून वाकवता येत नाही. आमचं मूळ वसईचं. १७३९ च्या मोहिमेनंतर तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या. त्यातली एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात टांगली. घंटा अशी एका जागेहून दुसरीकडे नेता येते किंवा वितळवता येते. तिला हातोडीने दुसरा आकार देता येत नाही.

प्रत्येकाची रीत वेगळी

आता मूळ मुद्द्याकडे. तापवणं सगळीकडे आहे, पण किती तापवायचं आणि कसं निववायचं हे धातूप्रमाणे बदलतं.

तांबं : मंद लाल होईपर्यंत तापवायचं. नंतर पाण्यात बुडवलं काय किंवा हवेत निवू दिलं काय, मऊपणात फरक पडत नाही. पाण्यात बुडवल्याने वरची काळी खपली मात्र सुटते. उरलेला काळेपणा चिंचेने निघतो. तांब्याच्या बाबतीत आगच निर्णायक असते, म्हणून मी म्हटलं की इथे इंग्रजी शब्द खरा ठरतो.

पितळ : तांबं आणि जस्त यांचं मिश्रण. तेही लालसर होईतो तापवून मऊ करता येतं. मात्र वाकवायचं ते पूर्ण थंड झाल्यावर. शिसं मिसळलेलं पितळ लाल असताना वाकवायला गेलं तर मऊ होण्याऐवजी तुकडे पडतात. फार तापवलं तर जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो श्वासात जाता कामा नये. जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड याच कारणासाठी आगीत घालायचं नाही.

ॲल्युमिनियम : हे फसवं आहे. ६६० अंशांना वितळतं आणि वितळेपर्यंत लाल होत नाही. लाल होण्याची वाट बघाल तर हातात थेंब पडेल. म्हणून कारागीर एक साधी युक्ती करतात. पत्र्यावर कोरडा साबण घासायचा आणि हळूहळू आच द्यायची. साबण काळपट झाला की थांबायचं. साबणच इथे थर्मामीटर.

पोलाद : इथे सगळं उलटं होतं. पोलादात कार्बन असतो. साधारण ७२७ अंशांच्या वर पोलादाची आतली रचना बदलते आणि कार्बन तिच्यात विरघळतो. या अवस्थेतून पोलाद एकदम पाण्यात बुडवलं तर कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. तो आत अडकतो आणि पोलाद काचेसारखं कडक होतं. विळ्याला, कोयत्याला पाणी पाजतात ते हेच. ‘पाणीदार’ माणूस म्हणताना आपण नकळत लोहाराचा शब्द वापरतो. मऊ करायचं असेल तर तेवढंच तापवून अगदी सावकाश निववावं लागतं. भट्टीतच ठेवायचं किंवा कोरड्या राखेत, चुन्यात पुरून रात्रभर सोडायचं. म्हणजे एकच लाल कांब, पाण्यात गेली तर कडक आणि राखेत गेली तर मऊ. आग दोघींची एकच होती, फरक थंड होण्यात. इथे ‘अनुशीतन’ हा आपला शब्द नेमका बसतो.

पोलाद पुरेसं तापलंय का, हे बघायला लोहचुंबक उपयोगी पडतं. ७७० अंशांच्या आसपास पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं. त्याहून थोडं वर नेलं की झालं.

वाकवताना

मऊ झालं म्हणून कसंही वाकवून चालत नाही. पत्रा कारखान्यात रुळांमधून लाटलेला असतो, त्यामुळे त्याला लाकडासारखी एक दिशा असते. घडी या दिशेला आडवी पडली तर पत्रा टिकतो. दिशेच्या समांतर पडली तर तडकायची भीती जास्त. दुसरं म्हणजे घडी धारदार कोपऱ्यावर करायची नाही. आतल्या बाजूला निदान पत्र्याच्या जाडीइतकी गोलाई ठेवायची. वाकलेल्या जागी बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. गोलाई जितकी लहान, तितका हा ताण मोठा.

कुलपातली किंवा खटक्यातली पट्टीची स्प्रिंग घ्या. तिला तर तिन्ही पायऱ्यांतून जावं लागतं. आधी मऊ अवस्थेत वाकवून आकार द्यायचा. मग लाल करून तेलात किंवा पाण्यात बुडवून कडक करायची. आता ती इतकी कडक असते की दाबली तर तुटेल. म्हणून पुन्हा हलक्या आचेवर धरायची. घासून चकचकीत केलेलं पोलाद आधी गवती पिवळं होतं आणि ३०० अंशांच्या सुमारास निळं. निळं झालं की काढायचं. मग ती वाकते आणि परत जागेवर येते.

जुन्या बंदुका दुरुस्त करण्याचा छंद असलेल्या परदेशी लोकांनाही हीच पायरी सांभाळावी लागते. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणं किंवा दुरुस्त करणं गुन्हा आहे, त्यामुळे तो छंद इथे नाही. पण त्या क्षेत्रातली एक गोष्ट सगळ्यांनीच लक्षात ठेवण्यासारखी आहे.

अमेरिकन सैन्याची १९०३ ची स्प्रिंगफिल्ड रायफल. काडतूस जिथे बसतं आणि बोल्ट जिथे सरकतो, तो तिचा मुख्य सांगाडा पोलाद तापवून घडवला जाई. पोलाद किती तापलं हे अनुभवी कारागीर रंगावरून, डोळ्यांनी ठरवत. १९१७ साली काही रायफली फुटल्या आणि चौकशी झाली. ढगाळ दिवशी जो लाल रंग लख्ख दिसतो, तोच उन्हाच्या दिवशी फिका वाटतो, हे त्यात पुढे आलं. उन्हात कारागीर आणखी तापवत गेले आणि पोलाद जळून ठिसूळ झालं. त्यानंतर तापमान मोजायची उपकरणं आली. स्प्रिंगफिल्डच्या कारखान्यातल्या ८,००,००० च्या खालच्या क्रमांकाच्या रायफली आजही धोक्याच्या मानतात. रंग बघायचाच असेल तर भट्टीची जागा अंधारी हवी, हा धडा किती महाग पडला ते यावरून कळतं.

कुणी हात न लावता तडकलेलं पितळ

आतापर्यंत आपण वाकवताना होणाऱ्या तडकण्याबद्दल बोललो. पण मऊ न करता सोडलेला धातू नंतर, नुसता पडून असतानाही तडकू शकतो. याचं जगभरच्या पाठ्यपुस्तकात दिलं जाणारं उदाहरण भारतातलं आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या ब्रिटिश सैन्याने पावसाळ्यात काडतुसांचा साठा घोड्यांच्या तबेल्यांमध्ये ठेवला. हवा कोरडी झाल्यावर पेट्या उघडल्या तर पितळी काडतुसांना चिरा गेलेल्या. कुणी आपटलं नव्हतं, वापरलं नव्हतं. अशा चिरा विशिष्ट ऋतूत दिसत म्हणून इंग्रजीत त्याला ऋतूवरूनच नाव पडलं. खरं कारण मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ साली उलगडलं. घोड्यांच्या मुतापासून अमोनिया तयार होतो. दमट हवेत तो पितळेतल्या तांब्याशी खेळतो. पण नुसत्या अमोनियाने चीर जात नाही. त्याला आत दडलेला ताण लागतो.

ताण कुठून आला? काडतुसाची नळी पितळेच्या चकतीतून ओढत ओढत लांब केलेली असते. तांबट आळीतली कळशी हातोडीने होते, ही यंत्राने, एवढाच फरक. प्रत्येक ओढीनंतर ती मऊ करावी लागते, नाहीतर पुढच्या ओढीला फाटते. पण शेवटच्या ओढीनंतर जो ताण उरतो तो बाहेरून दिसत नाही. नळी चकचकीत, मापाला बरोबर. आतून मात्र ताणलेली. अमोनियाने फक्त तो ताण उघडा केला. ‘पितळ उघडं पडणे’ याचं याहून शब्दशः उदाहरण मला माहीत नाही.

यावर उपाय म्हणजे शेवटी एकदा हलकी आच. पूर्ण मऊ होईल इतकी नाही, नाहीतर काडतूस वापरताना टिकणार नाही. साधारण २५० ते ३०० अंश, फक्त आतला ताण सैल होण्यापुरती. लष्करी काडतुसांच्या मानेपाशी निळसर-जांभळी छटा दिसते, ती मान तापवून मऊ केल्याची खूण. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे. एकाच शहरात तांबट आळी आणि काडतुसांचा कारखाना, आणि दोन्हीकडचं पितळ-तांबं एकाच नियमाने चालणारं, हे मला फार मजेशीर वाटतं.

आपल्या घरातली नळी

हे सगळं जुनं आणि लांबचं वाटत असेल तर भिंतीवरच्या एसीकडे बघा. आतल्या आणि बाहेरच्या युनिटला जोडणारी तांब्याची नळी वेटोळ्यात मिळते, कारण ती मऊ करून दिलेली असते. मेकॅनिक तिचं टोक कर्ण्यासारखं पसरवतो आणि नट आवळतो. त्याला फ्लेअर म्हणतात.

मागच्या वर्षी आम्ही जामबागमध्येच एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत घर बदललं. एसी हलवायला आलेल्या पहिल्या मेकॅनिकने जुनंच पसरवलेलं टोक पुन्हा दाबून, ठोकून बसवलं. पंधरा दिवसांत गार हवा बंद. गॅस गळून गेला होता आणि ऐन उन्हाळा. दुसऱ्या मेकॅनिकने नट सोडून ते टोक अब्बांना दाखवलं. कडेला केसासारखी बारीक चीर होती. “सख्त हो गई नली, साब,” तो म्हणाला आणि दोन इंच कापून टाकले. आतल्या ताज्या, मऊ भागावर नवीन फ्लेअर केला. तेव्हापासून गळती नाही. त्याने डिसलोकेशन हा शब्द ऐकला नसेल, पण नळी एकदा पसरवली, दाबली की तिथला मऊपणा संपतो हे त्याला पक्कं माहीत होतं. नळीच्या त्या दोन इंचांपायी गॅस पुन्हा भरायचा खर्च झाला आणि आजीचे ते दिवस घामात गेले. तुमच्याकडे एसी हलवायचा असेल तर एवढं विचारा : जुनं टोक कापणार ना?

फाळ कसा होईल?

आता यशयाच्या लोहाराकडे. त्याने काय केलं असतं? बहुधा त्याने पातं थंड वाकवलंच नसतं. लालबुंद असताना ठोकलं असतं. लाल लोखंड ठोकताना आत सुरकुत्या वाढतात आणि लगेच मोकळ्याही होतात, शिशासारख्याच. म्हणून लोहार निवायच्या आत ठोके देतो, रंग उतरला की परत भट्टीत घालतो. पात्याचा फाळ झाला की टोकाला पुन्हा पाणी पाजायचं, कारण जमिनीला मऊ फाळ चालत नाही.

आज हे कुणी खरोखर करतं का? करतात. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे २०१३ साली माइक मार्टिन यांनी रॉटूल्स नावाचं काम सुरू केलं. सँडी हूकच्या शाळेतल्या गोळीबारानंतरची ही गोष्ट. लोकांनी स्वेच्छेने दिलेल्या बंदुका आधी करवतीने कापतात, मग नळी भट्टीत लाल करून ठोकतात आणि बागेत खणायची हत्यारं करतात. मेक्सिकोत कुलियाकान शहरात पेद्रो रेयेस या कलावंताने २००८ मध्ये वेगळी वाट घेतली. जमा झालेल्या १५२७ बंदुका वितळवल्या आणि तितकीच, १५२७, फावडी केली. त्या फावड्यांनी झाडं लावली गेली. एक रीत ठोकण्याची, एक ओतण्याची. तांबट आळी आणि गनफाउंड्री यांच्यातला फरक इथेही दिसतो.

वितळवलं की जुन्याची काही खूण राहत नाही. तापवून ठोकलेल्या खुरप्यात मात्र बंदुकीच्या नळीची गोलाई अजून ओळखू येते. संदेष्ट्याच्या प्रतिमेत तलवार वितळत नाही, ती ठोकली जाते, हे मला आता नीट दिसतं. तेच लोखंड, तसंच टिकून, दुसऱ्या कामाला लागतं. त्यासाठी आधी ते तापवावं लागतं, आणि टोकाला शेवटी पुन्हा पाणी पाजावं लागतं.

वुचेतिचच्या पुतळ्यात भट्टी नाही. शिल्पात ती घालायला जागा नसेल. पुढच्या वेळी तो फोटो दिसला तर त्या माणसाच्या मागे कुठेतरी धगधगती भट्टी आहे, असं समजून बघा.